खरखर चालू असताना

१

ड्वेन प्रेविट मेला तेव्हा त्याच्या हातात कोंबड्यांच्या दाण्याचं टमरेल होतं. टिल्डेन गावाबाहेर त्याच्या मावशीची शेती होती, तिथं तो त्याच दिवशी सकाळी येऊन लपला होता. संध्याकाळी कुंपणापलीकडून कुणीतरी गोळी झाडली. मावशी धावत अंगणात आली, तर कोंबड्या त्याच्या अंगावर सांडलेले दाणे टिपत होत्या.

दुसऱ्या दिवशी तो बेलफोर्डच्या फेडरल कोर्टात साक्ष देणार होता. गार्नेट हेस नावाच्या ट्रकमालकानं एका सरकारी तपासनिसाला ट्रकखाली चिरडवलं, असा खटला होता आणि ड्वेननं ते डोळ्यांनी पाहिलं होतं.

सरकारी वकील जॅनीन ऑकर ही बातमी घेऊन मुख्य न्यायाधीश डेलोरेस पिंकनी यांच्या खोलीत आली. तिनं कोटही काढला नाही.

"तो मावशीकडे आहे, हे कुणाकुणाला ठाऊक होतं?" पिंकनीबाईंनी विचारलं.

"मला. सकाळी त्याचा फोन आला. कोर्टाच्या मार्शलांचं संरक्षण त्याला नकोच होतं, तो कुणावर विश्वास ठेवत नव्हता. मी ऑफिसातसुद्धा बोलले नाही. फक्त कोर्टात, मंचाच्या कडेला जाऊन स्टॅनबरोसाहेबांच्या कानावर घातलं. तो मावशीकडे आहे, टिल्डेनचा पूल बंद आहे, त्याला लांबून यावं लागेल, उशीर होईल, एवढंच."

"खरखर चालू होती?"

"चालू होती. साहेब ती इतकी मोठी लावतात की दात शिवशिवतात."

फेडरल कोर्टात ही रीतच आहे. ज्युरीच्या किंवा लोकांच्या कानावर जाऊ नये असं काही बोलायचं असलं, की वकील मंचाच्या कडेला जातात आणि जज एक बटण दाबतात. छतातल्या कर्ण्यांतून नळ फुटल्यासारखी खरखर सुरू होते. लोक तेवढ्यात पाय मोकळे करतात, जांभया देतात.

"आणि हेसचा वकील?"

"तो जागचा हललाच नाही. म्हणाला, साक्षीदाराचा ठावठिकाणा मला सांगूच नका, उद्या काही झालं तर माझ्या गळ्यात यायचं. म्हणजे कडेला साहेब, मी आणि टिपण घेणारी मॅव्हिस. खाली टेबलाशी बेंच क्लार्क लोवेल फिच."

"चौघं."

"तिघं म्हणा, मॅडम. साहेबांना कोण धरणार?" जॅनीननं खाली पाहिलं. "खरं तर एकच. तपासवाल्यांनी मॅव्हिसला घरी बसवलंय. सोमवारी, आरोप ठेवायचा का ते ठरवायला, तिला ग्रँड ज्युरीपुढे नेणार आहेत. तिचा मावसभाऊ हेसच्या गॅरेजात कामाला आहे."

"हे त्यांना कुणी सांगितलं?"

"स्टॅनबरोसाहेबांनीच."

२

ऑर्विल स्टॅनबरोंबद्दल बेलफोर्डमध्ये कुणी वावगं बोलत नसे. धान्याच्या कोठारावर पोती वाहणाऱ्याचा हा मुलगा. राष्ट्राध्यक्षांनी त्यांना जज नेमलं तेव्हा त्यांचे केस काळेभोर होते. फेडरल जजची नेमणूक मरेपर्यंतची असते. पगार कापता येत नाही, बदली करता येत नाही, संसदेनं महाभियोग चालवल्याखेरीज कुणाला त्याला उठवता येत नाही. एवढं बळ एकाच कामासाठी दिलेलं, की जजनं कुणाला भिऊ नये.

स्टॅनबरो भ्यायले नव्हते. काळ्या मुलांना गोऱ्यांच्या शाळेत घ्या, असा हुकूम त्यांनी काढला तेव्हा त्यांच्या दारात मेलेलं कुत्रं टाकलं गेलं. त्यांनी ते स्वतः फावड्यानं उचललं, परसात पुरलं आणि वेळेवर कोर्टात जाऊन बसले. त्या हुकमामुळे ज्या मुली त्या शाळेत गेल्या, त्यांतली एक डेलोरेस पिंकनी. पुढे वकील झाल्यावर तिनं पहिली नोकरी त्यांच्याच हाताखाली केली. निकाल सही करण्याआधी मोठ्यानं वाचायचा, कानाला खटकलं तर तो चुकलेला असतो, हे तिला त्यांनी शिकवलं होतं.

त्या दुपारी साहेब चित्रकारापुढे बसले होते. जज निवृत्त होताना त्याचं तैलचित्र कोर्टात लागतं. साहेबांनी निवृत्तीचं नाव काढलं नव्हतं, पण चित्र आधीच काढून घेत होते. काळा झगा अंगावर, गुडघ्यावर अंड्याचं सँडविच.

"ये, पोरी. हा मला हलू देत नाही."

"साहेब, मॅव्हिसनं हे केलं असेल असं तुम्हाला वाटतं?"

साहेब तिच्या तोंडाकडे बघत होते. "बाई चांगली आहे. पण गरजू. गरजू माणसाचं काय सांगावं?"

"ती तुमच्याकडे किती वर्षं बसतेय."

"म्हणून तर वाईट वाटतं." त्यांनी एक घास घेतला. पिवळा बलक ओठाच्या कोपऱ्यात राहिला. "अहो, हनुवटी जरा ताठ काढा. मी एवढा मवाळ दिसत नाही."

पिंकनीबाई खिडकीशी गेल्या. खाली फुटपाथवर ड्वेनची मावशी मार्शलांशी बोलत उभी होती. काचेकडे तोंड ठेवूनच बाईंनी विचारलं, "त्या पोराचा चेहरा तरी आठवतो का तुम्हाला?"

उत्तर आलं नाही. त्या वळल्या. साहेब निवांतपणे बलक पुसत होते.

उत्तर द्यायचं नसेल, असं समजून बाई बाहेर पडल्या.  

३

मॅव्हिस ड्रगन स्वयंपाकघरात बसली होती. चुलीवर काही नव्हतं. बोलताना तिची बोटं टेबलावर चालत होती. कोर्टात ऐकलेलं यंत्रावर उतरवता उतरवता या लोकांच्या बोटांना तशी खोडच लागते.

"मावसभावाचं तोंड मी ख्रिसमसलासुद्धा बघत नाही, मॅडम. माझ्या आईची चांदीची चमचेदाणी त्यानं विकून खाल्ली. पण तपासवाला म्हणतो, नातं ते नातंच."

"तू कुणाला काही बोललीस?"

"मी? बोलून बोलून माणसं माझ्यापुढे अख्खा जन्म ओकतात. ते सगळं मी पोटात ठेवते. नवऱ्याला वाटतं मी मुकी आहे."

बाईंना हसू आलं, पण मॅव्हिस हसली नाही.

"त्या दिवशीचं सगळं सांग."

"दोनदा कडेला बोलणं झालं. सकाळी ज्युरीतल्या सहाव्या खुर्चीवरच्या बाईनं सुटी मागितली. आईला पक्षाघात झाला म्हणून रडत होती. साहेबांनी खरखर लावून तिला मोकळं केलं आणि कारण कुणाला कळता कामा नये असा हुकूम दिला. दुसऱ्यांदा जॅनीनबाई आल्या."

"साहेबांना ऐकू आलं नीट?"

"हल्ली येतं. मागच्या वर्षी फार त्रास होता. कडेचं प्रत्येक वाक्य मला परत वाचून दाखवायला लावायचे. मग एक दिवस सगळं थांबलं. मला वाटलं, डॉक्टरनं काहीतरी केलं असेल. कानाबद्दल विचारायची कुणाची छाती?"

निघताना तिनं बाईंचा हात धरला. "मॅडम, एकच सांगते. हे माझ्या नावाला चिकटलं तर मला कुठल्याच कोर्टात बसू देणार नाहीत. मला दुसरं काही येत नाही. आणि त्या मावशीला जन्मभर वाटत राहील की माझ्यामुळे तो गेला."

४

लोवेल फिचनं बाईंना बघितलं आणि हातातला कप टेबलावर इतक्या घाईनं ठेवला की कॉफी सांडली.

"मी कुणाला काही सांगितलं नाही, मॅडम. मी खाली बसतो. खरखर चालू असली की मलाच काही ऐकू येत नाही."

"मी अजून विचारलंही नाही, लोवेल."

"नाही, म्हणजे, विचाराल म्हणून." त्याच्या कपाळावर घाम होता. "साहेबांना भेटलात ना? मग झालं तर."

तो काहीतरी लपवतो आहे, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. पण खुनाची भीती वेगळी आणि नोकरीची वेगळी. ही दुसरी दिसत होती.

विचार करत बाई तळघरातल्या कँटीनमध्ये गेल्या. कोपऱ्यात मिसेस ट्रम्बो चेरीची पेस्ट्री खात होत्या. नवरा गेल्यापासून त्या रोज कोर्टात खटले बघायला येत. अशी दोन-चार म्हातारी माणसं प्रत्येक कोर्टात असतात.

"खटला थांबला म्हणे, जजबाई. मी आता कुठं जाऊ? वरच्या मजल्यावर दिवाळखोरीचे खटले आहेत, तिथं मला डुलकी लागते."

"माझ्या कोर्टात या की."

"राग मानू नका हो, तुमच्याकडे मजा नाही. ऑर्विलसाहेबांकडे सगळं कळतं." त्यांनी चमचा चाटला. "ज्युरीतली ती सहावी बाई गेली ना, तिथून सगळं बिनसलं. बिचारीच्या आईचं अर्धं अंगच गेलं. तिच्या जागी आणलेला पोरगा सारखा नाक कोरतो."

"तुम्ही एकट्याच असता का तिथं?"

"एक दाढीवाला यायचा, माझ्या पुढच्या बाकावर. एवढ्या तरुण वयात माझ्यासारखा बहिऱ्यांचा हेडफोन. मला वाईट वाटलं. पण मेला चिडका. मी गोळीचा कागद सोडला तरी मान वळवून डोळे वटारायचा. त्या गोळीपासून फिरकला नाही. म्हणजे झाडलेली गोळी, खायची नव्हे."

बाई नुसत्या मान डोलावून उठल्या आणि लिफ्टमध्ये शिरल्या. दार बंद झालं. मजल्याचं बटण दाबायला उचललेला त्यांचा हात तसाच राहिला.

सहाव्या बाईच्या आईचं मिसेस ट्रम्बोंना कुणी सांगितलं?

५

आता बघा, बाईंनी कसा विचार केला. त्या बाईचं कारण कडेला, खरखरीत सांगितलं गेलं होतं. ते गुप्त ठेवायचा हुकूम होता. मॅव्हिसनं किंवा वकिलांनी फोडलं असेल, असं क्षणभर धरू. पण चमचा चाटणाऱ्या म्हातारीला ते सांगून त्यांना काय मिळणार? लोवेलला तर ऐकूच येत नव्हतं. म्हणजे मिसेस ट्रम्बोंना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी ते ऐकलं होतं, आणि त्यात चोरून ऐकण्यासारखं काही आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं.

कमी ऐकू येणाऱ्याला कोर्ट हेडफोन देतं. वकिलांच्या आणि साक्षीदाराच्या माइकमधलं बोलणं त्यात येतं. कडेचं बोलणं सुरू झालं की तिथल्या माइकची हेडफोनशी जोडणी तुटायला हवी. बहुतेक हेडफोनवाले तेवढा वेळ ते काढूनच ठेवतात; मिसेस ट्रम्बो काढत नसाव्यात.

आणि दाढीवाला? ज्याला गोळीच्या कागदाची चुरचुर पाठीमागून ऐकू येते, त्याला हेडफोन कशाला लागतो?

बाईंनी जॅनीनला आणि लोवेलला स्टॅनबरोसाहेबांच्या रिकाम्या कोर्टात बोलावलं.

"लोवेल, खरखर लाव. जॅनीन, कडेला उभी राहा आणि मला अजिबात ऐकू जाणार नाही अशा आवाजात काहीही बोल."

बाई मागच्या बाकावर बसल्या. मिसेस ट्रम्बोंची जागा तीच. त्यांनी हेडफोन कानाला लावला. छत खरखरू लागलं. लांबवर जॅनीनचे ओठ हलले.

बाईंनी हात वर करून खरखर थांबवायला लावली. मग म्हणाल्या, "सकाळपासून जेवली नाहीस तर आधी काहीतरी खाऊन घे. आणि आईला फोन कर. तिला काळजी वाटणारच."

जॅनीन कठड्याला धरून उभी राहिली. 

"मीच सांगितलं," ती म्हणाली. "माझ्या तोंडून गेलं सगळं. कुणीतरी तिथं बसून ऐकत होतं."

"तू नेमलेल्या जागी, नेमलेल्या रीतीनं बोललीस. ही जागा कुणीतरी बिघडवली." बाई लोवेलकडे वळल्या. "तुझी भीती कळली मला. आता बोल."

लोवेल ज्युरीच्या खुर्चीत बसला. तिथं बसायची त्याला परवानगी नाही, हेही तो विसरला.

"साहेबांना कडेचं ऐकू येईना. कानातलं छोटं यंत्र केसांखाली झाकलं जातं, ते त्यांनी घेतलं. पण ते हेडफोनच्याच लहरीवर चालतं. मला म्हणाले, कडेचा माइक तोडू नकोस, चालू ठेव. मी म्हटलं, वेगळी लहर मागून घेऊ. तर म्हणाले, त्याला अर्ज लागतो."

"तो अर्ज माझ्या टेबलावर आला असता."

"हो. आणि तुम्हाला कळलं असतं की त्यांना ऐकू येत नाही."

"हेडफोनवाल्यांना सगळं ऐकू जातं, हे त्यांना ठाऊक होतं?"

लोवेलनं तोंड दोन्ही हातांनी चोळलं. "हिवाळ्यात मी सांगितलं होतं. ट्रम्बोबाई मला लिफ्टमध्ये एका आरोपीच्या आजाराचं विचारत होत्या. मी साहेबांना म्हटलं, हे बाहेर जातंय. ते म्हणाले, त्या म्हातारीचं कोण ऐकतंय."

६

हेडफोन घेताना दारावरच्या शिपायाकडे ओळखपत्र ठेवावं लागतं. दाढीवाल्यानं रोज आपलं खरं ओळखपत्रच ठेवलं होतं. तो हेसचा पुतण्या निघाला. मार्शल त्याला घेऊन आले तेव्हा तो वैतागून म्हणाला, की कोर्टानंच दिलेला हेडफोन लावला, त्यात माझा काय गुन्हा. तपासवाल्यांनी ते आणि गोळीच्या कागदाचं, दोन्ही लिहून घेतलं.

पण पिंकनीबाईंचं काम उरलं होतं. त्या साहेबांच्या खोलीत गेल्या, चित्रकाराला बाहेर पाठवलं आणि साहेबांच्या समोर बसल्या. तोंड दिसेल असं.

"कानातलं काढा, साहेब. किंवा राहू द्या. मी हळू बोलणार नाहीये."

साहेबांचा हात केसांकडे गेला आणि थांबला. मग ते हसले. तेच हसू, ज्यासाठी एकेकाळी डेलोरेस रात्र रात्र जागून मसुदे लिहायची.

"लोवेल बोलला वाटतं. जाऊ दे. गोळी काय मी झाडली?"

"नाही. तुम्ही फक्त दार उघडं ठेवलंत. उघडं आहे हे माहीत असताना."

"म्हातारपण आहे, पोरी. तुलाही येईल."

"बहिरेपणाबद्दल मी तुम्हाला एक शब्द बोलले नसते. अर्ज केला असतात तर त्याच आठवड्यात वेगळं यंत्र बसलं असतं. पण तो मुलगा मेल्यावर तपासवाले आले, तेव्हा तुम्हाला पहिल्या क्षणी कळलं होतं काय झालं ते. आणि तुम्ही त्यांना काय सांगितलंत? मॅव्हिसचा मावसभाऊ कुठं काम करतो ते."

"त्यांनी विचारलं, मी उत्तर दिलं. खोटं एक अक्षर नाही."

 साहेबांनी खुर्ची जवळ ओढली. त्यांचा आवाज मऊ झाला.

"हे बघ, डेली. मॅव्हिसवर पुरावा नाही, ती सुटेलच. तिला लांबच्या एखाद्या कोर्टात चांगली जागा देऊ. मी फोन करतो. उन्हाळ्यात माझं चित्र लागेल, मी मानानं बाजूला होईन. जुने सगळे निकाल उकरले गेले तर कुणाचं भलं आहे? ज्या निकालामुळे तू त्या शाळेत शिकलीस, तोही माझाच. त्यालाही डाग लागेल."

आतापर्यंत पिंकनीबाईंना राग येत होता. या वाक्यानं राग गेला आणि नुसती किळस उरली. गटाराचं झाकण उचलल्यावर माणूस तोंड फिरवतो, तसं त्यांना झालं. त्या मुलींच्या दप्तरांमागे, दारातल्या मेलेल्या कुत्र्यामागे हा माणूस आज लपायला बघत होता.

"तो निकाल आमचा आहे," त्या म्हणाल्या. "रोज दगड खाऊन शाळेत आम्ही गेलो. तुम्ही सही केलीत. त्याचे उपकार मी आजवर मानले."

"मी तुला घडवलं."

"म्हणूनच इथं बसवत नाही मला." त्या उठल्या. "सोमवारी ग्रँड ज्युरीपुढे मॅव्हिस जाणार नाही, तुम्ही जाल. साक्षीदार म्हणून. नाही गेलात तर लोवेल जाईल, जॅनीन जाईल आणि तो हेडफोन घेऊन मी जाईन. तुमच्याकडचे सगळे खटले आजपासून दुसऱ्यांकडे. वरच्या न्यायमंडळाला कळवलंय."

"मला उठवायला संसद लागते," साहेब शांतपणे म्हणाले.

"ठाऊक आहे. खुर्ची तुमचीच. तिच्यासमोर कुणी उभं राहणार नाही, एवढं मी करू शकते."

७

सोमवारी स्टॅनबरो ग्रँड ज्युरीपुढे गेले आणि त्यांनी सगळं कबूल केलं. आणि पुढे जे झालं, ते पिंकनीबाईंना खुनाइतकंच ओंगळ वाटलं. वर्तमानपत्रांनी लिहिलं, की वृद्ध न्यायमूर्तींनी स्वतःची चूक धैर्यानं मान्य केली. ते पद न सोडता कामातून बाजूला होणार होते, म्हणून वकील संघानं तळमजल्यावर त्यांचा निरोपसमारंभ ठेवला. जागा पुरेना म्हणून भिंतीशी रांगा लागल्या. ड्वेनच्या मावशीला बोलवायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

बाई त्या समारंभाला गेल्या नाहीत. त्या आपल्या खोलीत होत्या. दार वाजलं. मॅव्हिस तपासवाल्यांनी परत केलेलं आपलं टिपणाचं यंत्र न्यायला आली होती. टेबलावरच्या यंत्राची पेटी उघडून तिनं एकेक कळ रुमालानं पुसली, कुणीतरी परकं माणूस ते वापरून गेल्यासारखी.

"तपासवाल्यांनी पत्र दिलं का?" बाईंनी विचारलं.

"दिलं. संशय उरलेला नाही म्हणे. माफी नाही मागितली."

"मी मागते. या इमारतीच्या वतीनं."

मॅव्हिसनं मान हलवली, घेतली की नाकारली ते कळलं नाही.

"माझ्या कोर्टात ये, मॅव्हिस. मला चांगलं माणूस हवंय."

"येईन. मिसेस ट्रम्बो म्हणतात तुमच्याकडे मजा नाही. मला तेच पाहिजे." तिनं पेटीचा पट्टा खांद्याला लावला. खालून टाळ्यांचा आवाज वर आला. बराच वेळ चालला. लोक उभे राहिले असावेत.

"कुणी मेल्यावर एवढ्या टाळ्या होत नाहीत," मॅव्हिस म्हणाली. मग दाराशी थांबली. "मॅडम, नोंदीत कधी त्यांचं नाव आलंच, तर काय लिहायचं आता? नुसतं ऑर्विल स्टॅनबरो?"

"नाही. कायद्यानं पद आहे त्यांचं अजून. न्यायमूर्तीच लिहायचं."

"कधीपर्यंत?"

"मरेपर्यंत."

मॅव्हिसनं टाळ्या थांबेपर्यंत वाट पाहिली.

"लिहीन," ती म्हणाली. "माझं काम आहे ते. पण तोंडानं तुम्हीच म्हणा."

पिंकनीबाईंनी तो शब्द मोठ्यानं म्हणून पाहिला. कानाला खटकला.